आधी शून्य दाखवा

धंतोलीच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले
आणि म्हणाले, आठ किलो.
कशातून आठ, हे मी विचारलं नाही.
त्यांच्या काट्यावर मी एक्क्याऐंशी,
खालच्या औषधांच्या दुकानात एकोणऐंशी,
आणि स्टेशनवरच्या त्या लुकलुकत्या यंत्रात
त्र्याऐंशी, शिवाय तिकिटाच्या पाठीवर भविष्य:
लवकरच प्रवासाचा योग.

बत्तीस वर्षं मी लोकांची वजनमापं तपासली.
कळमन्यात मिरचीची, कॉटन मार्केटात भाजीची.
ठवरे मॅडम आल्या म्हटलं की
गाळ्यागाळ्यातून एकदम खोकला सुटायचा.
"आधी शून्य दाखवा," एवढंच मी म्हणायची.
काट्याचं चारित्र्य तो रिकामा असताना कळतं.

इतवारीत पौनीकरांचं दुकान.
काचेचे, चपटे, गुलाबी काटे,
एक तर हाडं किती, चरबी किती, पाणी किती
सगळं फोनवर चुगली करणारा.
मी पिशवीतून पाच किलोचं वजन काढलं,
टॉवेलात गुंडाळलेलं, लोखंडी, षट्कोनी,
बुडाच्या भोकात शिसं, शिशावर पुसट शिक्का.
पोऱ्या हसला. पौनीकर हसले नाहीत.
त्यांच्या वडिलांचा तराजू मी एकदा जप्त केला होता.
"तुम्हाले कोन फसवते जी," म्हणाले, "चढा बिनधास्त."

चढले. उतरले.
वजन तान्ह्या पोरासारखं कडेवर घेऊन पुन्हा चढले.
फरक पाचच यायला हवा.
पहिला म्हणाला, साडेचार.
दुसरा, पाय कोपऱ्याकडे सरकला की अर्धा किलो उदार.
तिसऱ्यानं सहाही वेळा तोच आकडा दाखवला, दशांशासकट.
पोऱ्या म्हणाला, हा पक्का.
मला तिथंच शंका आली.
आधी पोऱ्याला चढवलं, मग मी चढले,
तर आकडा सातशे ग्रॅमनी हललेला.
तो मोजत नव्हताच, आठवत होता.
जुन्या नवऱ्यासारखा, मान वर न करता:
छान दिसतेस.

चौथा करडा, जाडा, बाराशे पन्नास रुपये.
रबरी पाय. फोन नाही, स्मरणशक्ती नाही.
दर वेळी शंभर ग्रॅम इकडेतिकडे व्हायचा,
पण चुकायचा तो दोन्ही बाजूंना.
घेतला. पावती मागितली. सवय.

न्हाणीची फरशी मोरीकडे उतरती,
म्हणून काटा स्वयंपाकघरात, फ्रिजला लागून, कोट्याच्या लादीवर.
सकाळी सहा, चहाच्या आधी,
जुन्या तपासणी वहीत रोज एक आकडा.
एका आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही,
आठवड्याची बेरीज भागिले सात, त्यावर थोडा.
रविवारी तर्री-पोहे झाले की सोमवारी चढतो,
मेच्या घामात आपोआप उतरतो;
ते माझं वजन नाही, नागपूरचं हवामान आहे.

एकोणिसाव्या दिवशी साडेएकोणऐंशी.
हरखले.
विसाव्या दिवशी आणखी दोनशे ग्रॅम कमी,
आणि खाली बघताबघता दिसला
फ्रिजच्या दांडीवर माझा डावा हात.
गुडघ्यासाठी धरलाय, मी मोठ्यानं म्हणाले.
स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं.

कळमन्यात एक जण पारडं अंगठ्यानं टेकवायचा.
पकडला तेव्हा म्हणाला,
"मॅडम, अंगठ्याले काय वजन असते?"
मी जन्मभर तो किस्सा लग्नाकार्यात सांगितला,
आणि लोक हसले.

वहीत लिहिलं: काटा बरोबर.
दोष वापरणाऱ्याच्या हातात.
दोन आकडे खोडले, शेजारी सही केली, नियमाप्रमाणे.

मग खाली उतरले, दिवा विझू दिला.
हात कुठे ठेवावेत सुचेना,
शेवटी गाऊनच्या खिशांत कोंबले.
पायाच्या अंगठ्यानं टिचकी मारून त्याला जागं केलं,
म्हटलं, आधी शून्य दाखव.

त्यानं दाखवलं.
मी अजून उभीच, लादीवर.